लॉनची कड राखायला कोणतं अवजार घ्यावं? कंत्राटी देखभालीसाठी सल्ला हवा

मृद्गंध

नमस्कार मंडळी.

बाणेर, बालेवाडी, औंध आणि खराडी भागातल्या सोसायट्यांच्या आणि काही ऑफिसांच्या बागा आमच्याकडे देखभालीला आहेत. लॉन कापायची यंत्रं आहेत, ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाशी फिरणाऱ्या दोरीने किंवा पात्याने गवत कापणारी यंत्रं) आहेत, कामात मुरलेले माळी आहेत. अडतं ते कडेपाशी. लॉन कितीही एकसारखं कापा, पेव्हरवर हरळीचे धुमारे पसरलेले दिसले की सगळी बाग दुर्लक्षित वाटते. उलट लॉन थोडं वाढलेलं असलं, पण कड स्वच्छ असली, तर बघणाऱ्याला कोणीतरी इथे मन लावून काम करतंय हे कळतं. म्हणून या एका कामावर खर्च करायची माझी तयारी आहे.

सध्या खुरप्याने कड काढतो आणि मधल्या काळात ब्रश कटरचं डोकं उभं फिरवून नायलॉनच्या दोरीने गवत मारतो. खुरप्याचं काम सुंदर होतं, पण माणूस दिवसभर उकिडवा बसतो, कंबर आणि गुडघे धरतात. दोरीला वेग आहे, पण कड वाकडीतिकडी होते आणि हळूहळू लॉनच आत सरकत जातं.

जागा तीन तऱ्हेच्या आहेत. एक, कर्ब किंवा पेव्हरला लागून सरळ कडा. दोन, लॉन आणि फुलझाडांचे वाफे यांच्यामधली मोकळी मातीची वळणदार कड. तीन, पार्किंगच्या स्लॅबवरच्या पोडियम बागा. गवत बहुतेक ठिकाणी सिलेक्शन वन, एका ऑफिसात मेक्सिकन.

अर्धचंद्राकृती पात्याचं फावडं, ब्रश कटर, स्टिक एजर आणि चाकावरचा एजर (एजर म्हणजे कड कापायचं यंत्र) असे पर्याय दिसतात. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, काय घ्यावं? सुटे भाग पुण्यात मिळायला हवेत, ही एकच अट.

जुनाहात

ताई, यंत्राकडे जाण्याआधी एक गोष्ट वेगळी करा. कड पाडणं आणि कड राखणं ही दोन कामं आहेत. पाडायचं काम वर्षातून एकदोनदा, राखायचं काम पावसाळ्यात दर आठवड्याला. एकाच अवजाराने दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. तुमचं लॉन आत सरकतंय ते त्यामुळेच.

सिलेक्शन वन म्हणजे हरळीचीच निवडक जात. ती दोन वाटांनी पसरते. जमिनीवरून धावते, पेऱ्यापेऱ्याला मुळं धरते, आणि जमिनीखालून कोंब सोडते. दोरी फक्त वरचे धावते फुटवे तोडते. खालचा कोंब वाफ्यात जाऊन शेवंतीच्या बुडाशी वर येतो, तेव्हा तुम्ही तो तण म्हणून उपटता. माती उभी चिरल्याशिवाय हा रस्ता बंद होत नाही. मेक्सिकन मंद पसरतं, तिथे इतकी घाई नसते. पण ते दाट गादी करतं आणि कडेला फुगतं, तेव्हा तिथे कात्री जास्त उपयोगी.

मोकळ्या मातीच्या कडेला आजही अर्धचंद्र फावड्याइतकं चांगलं अवजार नाही. माणूस उभा राहून काम करतो, पायाने दाब देतो, पातं सरळ खाली जातं. लॉनच्या बाजूची भिंत उभी आणि वाफ्याच्या बाजूला उतार असा २ ते ३ इंच खोल चर ठेवायचा. चर मोकळा राहिला की कोंब हवेत येतो आणि दिसतो, मग कात्रीने तोडता येतो. चरात पालापाचोळा आणि माती भरू दिली की सगळी मेहनत वाया.

विकतचं मिळालं नाही तर लोहाराकडून करून घ्या. रुंदी ८ ते ९ इंच, वरची कड दुमडलेली हवी, नाहीतर बूट फाटतो आणि पाय दुखावतो. बरेच लोहार ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं देतात. पोलाद चांगलं असतं पण जाड असतं, ते धारेकडे पातळ ठोकून घ्यायला सांगा. दांडा माळ्याच्या छातीपर्यंत यावा. बुटका दांडा दिला तर पुन्हा कंबर वाकणारच.

सरळ कडेला दोन खुंट्या आणि लाईनदोरी. वळणाला पाण्याची रबरी नळी उन्हात टाकून मऊ करायची, जमिनीवर वळण ठरवायचं, बाजूने चुन्याची फक्की मारायची आणि मग पातं घालायचं. वळणाची नजर यायला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात माळ्यांना एकदा घेऊन जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केलेली आहे. लॉन, पाणी आणि पायवाट एकमेकांना कशी भेटतात ते तिथे नीट बघता येतं.

यंत्रमित्र

जुनाहात काकांनी पाया घातलाच आहे, मी यंत्रांचं सांगतो. दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे माझ्याकडे येतात ती थकलेली यंत्रं. त्यावरून काय टिकतं ते कळतं.

ब्रश कटरने कड राखता येते, पण सरळ शाफ्टचा हवा आणि चालवणारा एकच ठेवा. खोली हातावर अवलंबून असते, माणूस बदलला की कड बदलते. २५ सीसीच्या इंजिनाला २.४ मिलिमीटर दोरी पुरते. गोल दोरीपेक्षा चौकोनी दोरी स्वच्छ कापते. कर्बला घासून दोरी भराभर झिजते, आणि वाळलेली दोरी तर तुटतेच. नायलॉन पाणी शोषून चिवट होतं, म्हणून रीळ आदल्या रात्री पाण्यात टाकून ठेवा. तुटलेले तुकडे मात्र झाडून गोळा करा. ते मातीत कुजत नाहीत.

स्टिक एजर म्हणजे दांड्याच्या टोकाला सुमारे ८ इंचांचं सरळ पोलादी पातं, ते उभं फिरतं, आणि शेजारी एक छोटं चाक. चाक पेव्हरवर टेकवायचं, खोली चाकाच्या उंचीने ठरते, आणि चालत जायचं. कर्ब आणि पेव्हरच्या लांब कडांना याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. एकदा कड उघडली की पुढच्या फेऱ्यांना १ ते दीड इंच खोली भरपूर झाली. पातं काँक्रीटला चिकटवून चालवू नका, बारीकशी फट सोडा. ठिणग्या उडत असतील तर पातं झिजतंय आणि गिअरबॉक्सला मार बसतोय.

तुमच्याकडे आधीच जोडशाफ्टचं यंत्र असेल, म्हणजे इंजिन एक आणि खालचा भाग बदलता येणारा, तर पूर्ण एजर घेण्याआधी एजरची जोडणी बघा. स्टिल (Stihl) कंपनीच्या कॉम्बी प्रकारात एफसीबी-केएम ही एजरची जोडणी आहे, मकीताची ईई४००एमपी आहे. एका कंपनीचा शाफ्ट दुसरीच्या इंजिनाला बसेल असं गृहीत धरू नका. दुकानात स्वतःच्या यंत्राला लावून बघा. इथे माल तयार आहे की मागवावा लागतो, आणि पाती किती दिवसांत मिळतात, हे लेखी विचारा. यंत्रासोबतच तीनचार पाती घेऊन ठेवा आणि पात्याच्या मधल्या भोकाचं माप वहीत लिहून ठेवा. उद्या दुसरीकडून पाती घ्यायची वेळ आली तर हे माप लागतं.

चाकावरचा एजर सरळ लांब कडांसाठी उत्तम, मैदानं आणि मोठे कॅम्पस यांना शोभतो. सोसायटीत तो टेम्पोतून उतरवा, रॅम्पने चढवा, पोडियमवर न्या, यात वेळ जातो. तुमच्या जागा वाचून मी तो सुचवणार नाही.

आता इंजिन. टू-स्ट्रोकला पेट्रोल-तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असतं. स्टिलच्या स्वतःच्या तेलाला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजाने झाकणभर ओतणारे माळी मी रोज बघतो, आणि मग जाम झालेला पिस्टनही. होंडाच्या जीएक्स२५ आणि जीएक्स३५ या फोर-स्ट्रोक इंजिनांत मिश्रण नको, तेल वेगळं भरायचं. अनेक माणसं एकच यंत्र वापरत असतील तर हा मोठा फायदा आहे. पण तेलाची पातळी रोज बघावी लागते, कारण त्यात तेल जेमतेम १०० मिलीच्या आसपास मावतं.

आणि हे सगळ्यांसाठी: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळ्यात कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलेलं पेट्रोल घालू नका. यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसत नाही.

कमिटी_खराडी

मी माळी नाही, सोसायटीच्या कमिटीवर आहे. पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली आवाजाची. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि पेट्रोलचं यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या वर सहज जातं. रविवारी सकाळी बाग साफ व्हावी असं सगळ्यांना वाटतं, आणि तेव्हाच यंत्र सुरू झालं की फोन सुरू होतात. घरात लहान बाळं असतात, रात्रपाळी करून झोपलेले लोक असतात. त्यांची तक्रार खरी आहे. आमच्याकडे ठरवून घेतलंय, यंत्र आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी १० नंतर. कंत्राटातच हे लिहून घेतलं तर तुम्हालाही सोपं.

दुसरी दगडांची. एका कंत्राटदाराच्या माणसाने कड मारताना उडालेला खडा पार्क केलेल्या गाडीच्या काचेवर गेला. काच गेली, पण तिथून नुकतीच एक मुलगी सायकल घेऊन गेली होती, त्याचीच धास्ती जास्त बसली. तेव्हापासून काम चालू असताना दोरी बांधून रस्ता अडवतो.

यंत्रमित्र

अगदी योग्य. ब्रश कटरच्या पुस्तिकांत १५ मीटरच्या आत दुसरं कोणी नको असं लिहिलेलं असतं. सोसायटीत इतकी जागा मोकळी मिळत नाही, म्हणून माणूस उभा करायचा आणि कोणी आलं की यंत्र थांबवायचं. गार्ड काढून चालवू नका. चष्मा, बूट, पायाला गार्ड, कानाला मफ. माळ्याला हे देणं कंत्राटदाराचं काम आहे, त्याच्या पगारातून कापायचं नाही.

पाणीवाला

ठिबक आणि स्प्रिंकलर बसवतो. विनंती आहे की नवीन जागेवर पोलादी पातं चालवण्याआधी सोसायटीकडून पाण्याचा आणि बागेतल्या दिव्यांच्या केबलचा नकाशा मागा. बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही. मग स्प्रिंकलर सुरू करून पॉप-अप, म्हणजे पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारी तोंडं, कुठे आहेत तिथे झेंड्या खोचा. पॉप-अप आणि ठिबकची उपनळी बहुतेक कडेलाच असते, कारण कडेपासून आत पाणी फेकायचं असतं. दिव्याची केबल कधीकधी नुसती मातीखाली दोन बोटांवर टाकलेली सापडते. केबलची शंका असेल तर त्या भागाची वीज बंद करून हाताने उकरा.

पोडियमवर आणखी जपा. मातीचा थर पातळ, खाली ड्रेन सेल (पाणी वाहून जाण्यासाठीचे पोकळ ट्रे), कापड, त्याखाली वॉटरप्रूफिंग. लॉन जिथे भिंतीला किंवा ड्रेनच्या जाळीला भिडतं तिथे वॉटरप्रूफिंग भिंतीवर वर चढवलेलं असतं. तिथे फावड्याने जोर लावला आणि थर फाटला तर पाणी थेट खालच्या पार्किंगमध्ये. पोडियमच्या भिंतीलगत फक्त दोरी किंवा लांब दांड्याची कात्री. पोलाद नको.

मृद्गंध

किती कामाची माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. पोडियमच्या भिंतीचा मुद्दा आजच माळ्यांना सांगते.

दोन प्रश्न. बहिणीकडून अमेरिकेतून वायरवाला इलेक्ट्रिक एजर आणता येईल, तिथे तो बराच स्वस्त आहे. आणावा का? आणि बॅटरीवरचं कोणी व्यावसायिक कामाला वापरतं का?

यंत्रमित्र

ताई, अमेरिकेचा वायरवाला आणू नका. तिथली घरगुती वीज १२० व्होल्ट, आपली २३०. थेट लावला तर मोटर जळेल. मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन बागेत फिरणं व्यवहार्य नाही, आणि ओल्या गवतात लांब वायर ओढत काम करणं मला कधीच पटलं नाही. तिकडचं बॅटरीचं यंत्र आणलंत तरी चार्जर १२० चाच निघू शकतो. वॉरंटी आणि सुटे भागही इथे अडतात.

बॅटरी मात्र विचारात घ्या. पोडियमवर आणि ऑफिसच्या कॅम्पसमध्ये आवाज कमी, धूर नाही, मिश्रणाची भानगड नाही. हिशेब बॅटरीचा करा. एक लावलेली, एक चार्जिंगला, एक राखीव, अशी साखळी लागते, आणि सोसायटीने चार्जिंगला जागा द्यायला हवी. हातात आधीच एखाद्या कंपनीची बॅटरीवरची यंत्रं असतील तर त्याच कंपनीचं घ्या. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं. यंत्रं हातात धरून बघायची ती चांगली संधी. वजन कागदावर वाचून कळत नाही.

मोजपट्टी

अवजार ठरवायच्या आधी कड मोजा. हे कोणी करत नाही आणि तिथेच कंत्राट तोट्यात जातं.

आपण दर देतो चौरस फुटावर. पण कडेचं काम चालतं रनिंग फुटावर. १०० बाय १०० फुटांचं चौकोनी लॉन घ्या: १०,००० चौरस फूट, कड ४०० फूट. तेवढंच लॉन इमारतीभोवती १० फूट रुंदीच्या पट्ट्यात असेल तर लांबी १,००० फूट आणि कड २,०२० फूट. क्षेत्रफळ तेच, कडेचं काम पाचपट. त्यात झाडांची आळी. ३ फूट व्यासाच्या आळ्याची कड साडेनऊ फुटांच्या आसपास, अशी ३० झाडं असली की पावणेतीनशे फुटांहून जास्त. नव्या सोसायट्यांमध्ये लॉन असतं ते असंच, पट्ट्यापट्ट्यांनी आणि झाडांच्या बुंध्यांभोवती.

म्हणून टेप घेऊन प्रत्येक जागेची कड तीन रकान्यांत लिहा: कर्ब-पेव्हर, मोकळी माती, पोडियमची भिंत. पहिला रकाना मोठा निघाला तर स्टिक एजर स्वतःचे पैसे फेडेल. दुसरा मोठा असेल तर दोन चांगली फावडी आणि लांब दांड्याच्या कात्र्या. तिसऱ्याला बॅटरीवर चालणारा दोरीचा ट्रिमर. यंत्र कोणतं चांगलं हे जागा सांगते, दुकानदार नाही.

आणि दरपत्रकात कड वेगळी ओळ म्हणून दाखवा. सोसायटीला कळतं की पैसे कशाचे. माळ्याची मजुरीही त्यातून नीट सुटते.

आणखी एक सुचवतो. जिथे दर पावसाळ्यात तीच भांडणं, तिथे कायमची कड बसवून द्या. शहाबादी फरशीची अरुंद पट्टी लॉनच्या पातळीला समतल बसवली की कापायच्या यंत्राचं चाक तिच्यावरून जातं आणि दोरीचं काम निम्म्याहून खाली येतं. पट्टी वर उचललेली राहिली तर मात्र उपयोग नाही, पुन्हा तिच्या कडेने गवत उरतंच.

नवखी_बाग

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. आमचा माळी कडेने तणनाशक मारतो, कड महिनाभर स्वच्छ राहते म्हणतो. हे चालतं का?

जुनाहात

नको. फवारा वाऱ्याने दोन बोटं जरी आत गेला तरी लॉनला पिवळा पट्टा पडतो, शेजारच्या फुलझाडांना लागतो तो वेगळाच. हरळी उघड्या पट्ट्यात पुन्हा येतेच, शिवाय मुळं मेल्यावर कडेची माती सुटून पहिल्या पावसात वाहून जाते. ग्लायफोसेट असेल तर केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं आहे. जिथे मुलं अनवाणी खेळतात, कुत्री गवत चघळतात, तिथे पातं आणि कात्री हेच बरं.

मृद्गंध

टेप घेऊन मोजायला सुरुवात केली आणि चित्र बदललं. बालेवाडीच्या दोन सोसायट्यांत कर्ब-पेव्हरची कड माझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढे निघाली. औंधच्या ऑफिसात जवळजवळ सगळी मोकळी वळणं. तेव्हा असं ठरवतेय: फावडी लोहाराकडून करून घ्यायची, प्रत्येक जोडीला लांब दांड्याची कात्री, बालेवाडीसाठी एक स्टिक एजर, तोही चार सीसी जास्त असलेला घेण्यापेक्षा ज्याची पाती लगेच मिळतात असा. पोडियमसाठी बॅटरीचा ट्रिमर पुढच्या टप्प्यात. नवीन कंत्राटांत कड वेगळ्या ओळीत लिहिणार.

शेवटचं विचारते. नवी कड कधी पाडावी आणि पात्याला धार किती वेळा?

जुनाहात

पाऊस ओसरला की, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. तेव्हा मातीत ओल असते पण चिकटा गेलेला असतो. भर पावसात काळ्या मातीत पातं घातलं तर माती पात्यालाच चिकटून येते आणि कड ढासळते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून कडक होते, तेव्हा पाडायचीच असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी सोडून सकाळी करा. लाल मातीच्या थराखाली मुरूम लागला की जोर लावू नका, तिथे चर उथळच ठेवा. दुसरी वेळ फेब्रुवारी-मार्च, हरळी जोरात वाढायला लागण्याआधी. जूनच्या पहिल्या पावसाला कड तयार असली पाहिजे.

धार रोज. सकाळी काम सुरू करण्याआधी कानशीचे पाचसहा हात, दगड लागला तर लगेच पुन्हा. संध्याकाळी माती धुवून, फडक्याने पुसून, तेलाचा हात. एजरच्या पात्याला धार लावायची गरज नसते, ते झिजून आखूड झालं आणि चाक पूर्ण खाली करूनही खोली मिळेना, की बदलायचं. बदलताना स्पार्क प्लगची टोपी आधी काढा.